सेकंड हँड गाडी घेतली, पण चाकाच्या लॉक नटची चावीच नाही? आता काय करायचं?

सेकंड हँड गाडी घेताना आपण काय काय बघतो? इंजिनाचा आवाज, किलोमीटर, आरसी, इन्शुरन्स, कर्जाचा बोजा उतरलाय का, दोन्ही चाव्या आहेत का. फार तर डिक्की उघडून स्टेपनी आहे ना, एवढं बघतो. चाकाचे नट कोणी बघत नाही. मग काही महिन्यांनी टायर बदलायला जाता आणि टायरवाला हात पुढे करून म्हणतो, "साहेब, चावी द्या." तुम्ही गाडीची चावी पुढे करता. तो मान हलवतो. "ही नाही हो, नटाची."

इथे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं की चाकाच्या नटालाही चावी असते, आणि ती आपल्याकडे नाही.

हे टायरच्या दुकानात कळलं तर फक्त वेळ जातो. पण तेच रात्री अकरा वाजता घाटात, टायर फाटल्यावर कळलं तर? डिक्कीत चांगली स्टेपनी आहे, जॅक आहे, पाना आहे, आणि तरीही चाक निघत नाही. म्हणून हा विषय किरकोळ वाटला तरी आजच पार्किंगमध्ये जाऊन बघण्यासारखा आहे. नीट समजून घेऊ.

लॉक नट म्हणजे नेमकं काय?

बहुतेक गाड्यांच्या प्रत्येक चाकाला चार किंवा पाच नट असतात. स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी यांसारख्या गाड्यांना चार, क्रेटासारख्या मोठ्या गाड्यांना पाच. हे सगळे नट षटकोनी असतात, त्यामुळे कोणत्याही व्हील पान्याने निघतात. अडचण अशी की ते चोरालाही निघतात. अलॉय व्हील आले, महाग झाले, आणि रात्रीत गाडी विटांवर उभी करून चारही चाकं घेऊन जाण्याचे प्रकार सुरू झाले. त्यावरचा उपाय म्हणजे लॉक नट.

प्रत्येक चाकावरचा एक साधा नट काढून त्या जागी हा वेगळा नट बसवतात. त्याला बाहेरून षटकोन नसतो. तो गोल, गुळगुळीत असतो आणि त्याच्या तोंडावर एक नक्षी कोरलेली असते. कधी फुलासारखी, कधी नागमोडी खोबण, कधी नुसती ठरावीक अंतरावरची भोकं. चावी म्हणजे या नक्षीची उलटी बाजू असलेला, अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. तो नटाच्या नक्षीत बसवायचा आणि त्याच्या मागच्या षटकोनावर नेहमीचा पाना लावायचा. त्याला कोणी अडाप्टर म्हणतं, कोणी की सॉकेट, आपल्याकडचे टायरवाले सरळ चावी म्हणतात. चार चाकांना मिळून ही चावी बहुतेक वेळा एकच असते, म्हणजे ती हरवली की चारही चाकं अडकली.

काही गाड्यांना हे लॉक कंपनीतूनच येतात. काहींना शोरूममध्ये ॲक्सेसरी म्हणून बसवतात. आणि पुष्कळ वेळा आधीच्या मालकाने बाहेरून अलॉय टाकताना दुकानदाराकडून एक सेट घेतलेला असतो. हा तिसरा प्रकार सगळ्यात डोकेदुखीचा. का, ते पुढे येईल.

फोक्सवॅगन, स्कोडा या गाड्यांत तर नटच नसतात, बोल्ट असतात. म्हणजे हबमधून दांडा बाहेर आलेला नसतो, बोल्ट बाहेरून हबमध्ये शिरतो. या गाड्यांच्या बोल्टवर बहुधा प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. टोप्या काढल्याशिवाय खाली लॉक आहे की नाही हे दिसतच नाही. त्या काढायला टूल किटमध्ये एक छोटा हुक किंवा चिमटा दिलेला असतो.

आधी शोधा, नीट शोधा

चावी "हरवली" असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ती गाडीतच असते. फक्त ती चावीसारखी दिसत नाही, त्यामुळे नजरेसमोर असूनही ओळखू येत नाही. कोणीतरी तिला कसला तरी भंगार नट समजून कुठेतरी टाकलेलं असतं.

डिक्कीतलं कार्पेट उचला. स्टेपनी बाहेर काढा, तिच्या खालचा खड्डा हाताने चाचपा. जॅक ज्या थर्माकोलच्या किंवा फोमच्या साच्यात बसतो, तो साचा उचलून खाली बघा. काही साच्यांत या चावीसाठी वेगळा गोल खळगा असतो. तो रिकामा दिसला तर निदान कंपनीने चावी दिली होती एवढं तरी नक्की होतं. डिक्कीच्या दोन्ही बाजूंचे झाकणाचे कप्पे, डॅशबोर्डचा कप्पा, आर्मरेस्टखालचा डबा, पुढच्या सीटखालची जागा, दाराचे खिसे, मॅन्युअलची पिशवी. पिशवीत चावी नसली तरी एखादं छोटं कार्ड किंवा आकडे-अक्षरं छापलेला स्टिकर असू शकतो. तो फेकू नका, तो चावीइतकाच मोलाचा आहे.

नाही सापडली? मग आधीच्या मालकाला किंवा ज्या डीलरकडून गाडी घेतली त्याला फोन करा. पण फोनवर "लॉक नटची चावी आहे का" असं विचारलं तर "सगळ्या चाव्या दिल्या की तुम्हाला" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा नटाचा जवळून फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा आणि सांगा, "याच नक्षीचा एक लोखंडी तुकडा, साधारण अंगठ्याएवढा." फोटो बघून लोकांना आठवतं. घरात शू रॅकवर, गॅरेजच्या खिळ्यांच्या डब्यात, जुन्या टूल किटमध्ये तो पडलेला असतो.

आता थोडी हेरगिरी. ही चावी हरवण्याचं एक नेहमीचं ठिकाण म्हणजे टायरचं दुकान. चाक बसवून झालं की चावी पान्याच्या किंवा गनच्या सॉकेटमध्येच अडकून राहते, गाडी निघून जाते. म्हणून तुमच्या गाडीचे टायर शेवटचे कधी बदलले हे शोधा. टायरच्या बाजूवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०१६ची आणि टायर २०१९चे, म्हणजे मधे कोणीतरी ही चाकं उघडली आहेत, आणि लॉक तेव्हाच बसलेले असतील तर त्या दिवशी चावी हजर होती. आधीच्या मालकाला विचारा, टायर कुठे बदलले? सर्व्हिसची जुनी बिलं असतील तर अलाइनमेंट, बॅलन्सिंग, ब्रेक पॅड या नोंदी बघा. ही कामं केलेल्या प्रत्येक ठिकाणी एक फोन करायला हरकत नाही. टायरच्या दुकानात अशा बेवारस चाव्यांचा एखादा डबा असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

चावी नाही, पण कोड मिळाला तर?

चांगल्या कंपनीच्या लॉकला कोड असतो. अमेरिकेतली मॅकगार्ड ही या क्षेत्रातली जुनी कंपनी. ती अनेक वाहन कंपन्यांना लॉक पुरवते. अशा सेटबरोबर कोड छापलेलं कार्ड येतं आणि त्या कोडवरून नवी चावी मागवता येते. हाच कोड बऱ्याचदा चावीवरही कोरलेला असतो. अर्थात चावीच नसताना तो काय कामाचा? म्हणून कार्ड शोधायचं.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत अडाप्टरच्या टोकावर क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून शोरूममध्ये दुसरा अडाप्टर मागवता येतो. क्रमांक माहीत नसला तरी मार्ग बंद होत नाही. सर्व्हिस सेंटरला वेगवेगळ्या नक्षीच्या अडाप्टरचा पूर्ण संच ठेवता येतो. एकेक लावून बघायचं, जो बसेल तो तुमचा. त्याने चारही बोल्ट काढून घ्यायचे किंवा त्याच क्रमांकाचा नवा मागवायचा.

म्हणून कंपनीतून लॉक आलेली गाडी असेल तर पहिला फोन अधिकृत सर्व्हिस सेंटरला. जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडे लॉक नटचा मास्टर सेट आहे का?" नसेल तर दुसऱ्या शाखेला फोन करा. चॅसिस नंबरवरून कोड मिळेलच अशा भरवशावर मात्र राहू नका. तो नंबर गाडीचा आहे, नटाचा नाही.

आणि बाहेरून टाकलेल्या लॉकचं काय? इथेच ती डोकेदुखी. दुकानदाराने बसवलेल्या सेटवर कंपनीचं नावही नसतं कधी कधी, कार्ड तर दूरच. शोरूमचा मास्टर सेट त्याला लागू पडणार नाही, कारण ते लॉक शोरूमच्या गाडीबरोबर आलेलेच नाहीत. अशा वेळी मोठ्या ॲक्सेसरी बाजारात नटाचा फोटो दाखवून विचारणं शहाणपणाचं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाऊस. स्वस्त सेटमध्ये नक्षीचे प्रकार मोजकेच असतात, त्यामुळे तशाच दुसऱ्या सेटची चावी तुमच्या नटाला बसण्याची शक्यता असते. (आणि हीच त्या सेटची सगळ्यात मोठी कमजोरीही आहे. जी चावी तुम्हाला बाजारात मिळते, ती चोरालाही मिळते.)

रस्त्यावरचा चावीवाला बनवून देईल का? नाही. घराच्या कुलपाची चावी पितळी पट्टीवर कानसून होते. इथे कठीण केलेल्या पोलादात आतल्या बाजूने नक्षी कोरायची आहे आणि तिला चाकाचा पूर्ण जोर सहन करायचा आहे. मऊ लोखंडात कोणी हौसेने बनवून दिलीच तर ती पहिल्याच झटक्यात नटाची नक्षी घेऊन जाईल. मग खऱ्या चावीनेही तो नट निघणार नाही.

रस्त्यातच टायर बसला तर?

समजा शोधाशोध चालू असतानाच पंक्चर झालं. घाबरू नका, कारण ट्यूबलेस टायरचं साधं पंक्चर चाक न काढताही निघतं. खिळा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल तर पंक्चरवाला गाडी थोडी पुढेमागे घेऊन, खिळा वर आणून, जागेवरच स्ट्रिप मारतो. म्हणून चावी मिळेपर्यंत स्ट्रिपचं किट आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा हवेचा पंप गाडीत ठेवा. या काळात स्टेपनीपेक्षा तो पंप जास्त उपयोगी आहे. हळूहळू हवा जाणारं पंक्चर असेल तर नुसती हवा भरत भरतही जवळच्या दुकानापर्यंत पोचता येतं.

पण टायर बाजूने फाटला, खड्ड्यात आपटून फुगा आला किंवा अलॉयच वाकला, तर स्ट्रिपचा उपयोग नाही. चाक काढावंच लागतं आणि चावीशिवाय ते निघत नाही. रोडसाइड असिस्टन्सचा माणूस आला तरी तोही आधी चावीच मागेल. त्यामुळे फोन करतानाच सांगा की लॉक नट आहे, चावी नाही, गाडी उचलून न्यावी लागेल. म्हणजे तो मोटरसायकलवर एकटा पाना घेऊन येणार नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि जागा धोक्याची असेल, गाडी लेनमध्येच थांबली असेल तर थेट ११२. तोपर्यंत हझार्ड लाइट चालू, त्रिकोण मागे, आणि माणसं गाडीत नाही तर बॅरिअरच्या पलीकडे.

सपाट टायरवर "जवळच आहे गॅरेज" म्हणत गाडी रेटत नेऊ नका. टायर तर जातोच, अलॉयची कडही जाते. चावीच्या कितीतरी पट खर्च तिथे होतो.

गॅरेजमध्ये काढायचा, पण कसा?

चावी सापडली नाही, कोड नाही, मास्टर सेट बसला नाही. मग नट तोडून किंवा पकडून काढावा लागतो. हे काम होतं, रोज होतं. पण ते कोण आणि कशाने करतोय यावर बाकी सगळं अवलंबून आहे. म्हणून मेकॅनिक काय करणार आहे हे तुम्हाला कळलेलं बरं.

सगळ्यात सभ्य पद्धत म्हणजे एक्स्ट्रॅक्टर सॉकेट. दिसायला साध्या सॉकेटसारखा, पण आत उलट्या दिशेने वळलेले धारदार दात असतात. तो नटावर ठोकून बसवायचा आणि लांब दांड्याने उलटा फिरवायचा. जितका जोर लावाल तितके दात नटात रुततात. नट निघतो, अलॉयला ओरखडा येत नाही. जुन्या मेकॅनिकची पद्धत याच तत्त्वावर चालते. किंचित लहान मापाचा बारा कोनी सॉकेट नटावर ठोकून बसवायचा आणि फिरवायचा. यातही बहुतेक साधे लॉक निघतात. फक्त तो सॉकेट नटात घट्ट बसतो, नंतर तो ठोकून वेगळा करावा लागतो आणि कधी कधी सॉकेटच वाया जातो. त्याचे पैसे मेकॅनिकने मागितले तर वाद घालू नका.

काही लॉकना बाहेरून एक मोकळं फिरणारं कडं असतं. वरून काहीही पकडलं तरी कडं नुसतं गरगर फिरतं, आतला नट जागचा हलत नाही. चांगला लॉक तो हाच. इथे आधी ते कडं तोडावं लागतं, मग आतला भाग पकडायचा.

त्यापुढची पायरी वेल्डिंग. लॉकच्या तोंडावर एक साधा नट वेल्ड करायचा आणि पाना लावून काढायचा. हे चालतं, पण आच अलॉयच्या रंगाला लागते, दांड्याच्या पोलादाला लागते, आणि आजच्या गाड्यांत चाकाजवळच एबीएसचा सेन्सर असतो. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरी सोडवून, अर्थ जवळ लावून, आणि तो दांडा नंतर बदलायच्या तयारीनेच. ड्रिल मारणं हा शेवटचा उपाय. हे लॉक कठीण पोलादाचे असतात, साधं बिट घासून संपतं आणि हात सटकला तर भोक अलॉयमध्ये.

छिन्नी लावून हातोड्याने नट फिरवायला बघणारा मेकॅनिक दिसला तर? एक-दोन ठोके ठीक. पण तो घणावर घण घालायला लागला तर थांबवा. ते ठोके नटावर थांबत नाहीत, मागे व्हील बेअरिंगपर्यंत जातात. आज नट निघेल, आणि दोन महिन्यांनी त्याच चाकातून घरघर ऐकू येईल. तेव्हा कोणाला आठवणार की सुरुवात कुठून झाली?

दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. लॉक नट सगळ्यात आधी काढायचा, बाकीचे नट घट्ट असताना. बाकीचे आधी सैल केले तर चाकाचा सगळा ताण त्या एका लॉकवर येतो आणि तो आणखी आवळतो. आणि नट सैल करताना चाक जमिनीला टेकलेलं हवं, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, दुसऱ्या चाकाखाली दगड. जॅकवर उचललेल्या गाडीला लांब दांड्याने झटके देणं म्हणजे गाडी अंगावर घेणं.

बोल्टच्या गाड्यांत जास्त सावध राहा. नटाच्या गाडीत दांडा तुटला तर नवा दांडा हबमध्ये बसवता येतो, कटकटीचं पण ठरलेलं काम आहे. बोल्ट मधूनच तुटला तर अर्धा तुकडा हबच्या आत राहतो. तो काढणं प्रत्येक गॅरेजला जमत नाही. म्हणून फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांनी मास्टर सेटचा मार्ग पूर्ण संपल्याशिवाय ठोकाठोकीकडे वळू नये, असं माझं स्पष्ट मत.

गॅरेजवाल्याने आरसी मागितली तर रागावू नका. चावीशिवाय लॉक काढून मागणारा माणूस गाडीचा मालक आहे का, हे त्याने विचारणं बरोबरच आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची आरसी दाखवली तरी चालते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ. तिकडे लॉक नट सर्रास असतात, आणि क्विक फिट, हॅलफर्ड्ससारख्या साखळी दुकानांत ते काढून देण्याची स्वतंत्र सेवाच मिळते. तिथे हातोडा शोधायची गरज नाही.

निघाला! पण त्या जागी काय बसवणार?

इथे घाई होते, आणि खरा धोका इथेच आहे. चावी नसल्याने गाडी फक्त अडकते. चुकीचा नट बसला तर चाक चालत्या गाडीतून सुटू शकतं.

नट दिसायला सगळे सारखे, पण दोन बाबतीत वेगळे असतात. पहिली, आटे. मारुतीच्या बहुतेक गाड्यांचा दांडा १२ मिलिमीटरचा आणि आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. ह्युंदाई, किया, होंडाच्या बहुतेक गाड्यांत दांडा तोच १२ मिलिमीटरचा, पण अंतर १.५. फोक्सवॅगन-स्कोडाचा बोल्ट १४ मिलिमीटरचा, अंतर १.५. म्हणजे ह्युंदाईचा नट मारुतीच्या दांड्यावर ठेवला तर एक-दोन वेढे जातोही. पुढे तो अडतो, मेकॅनिक गन लावतो आणि आटे खाऊन नट "घट्ट" बसतो. तो घट्ट नाही, तो अडकलाय. म्हणून नवा नट आधी हाताने फिरवून बघायचा. पाच-सहा वेढे नुसत्या बोटांनी सहज गेला पाहिजे.

दुसरी, बूड. नट चाकाला जिथे टेकतो तो भाग कुठे शंकूसारखा निमुळता असतो, कुठे गोलाकार, कुठे सपाट वॉशरचा. होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार बूड लागतं, टोयोटाच्या बऱ्याच अलॉयना सपाट वॉशरवालं, इतर अनेकांना शंकूचं. गोलाकार खळग्यात शंकू बसवला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. आवळताना सगळं ठीक वाटतं, आणि चालता चालता सैल होतो. त्यात आधीच्या मालकाने अलॉय बाहेरचे टाकले असतील तर गाडीच्या मॉडेलवरून बूड ठरवता येत नाही, चाकाचा खळगाच बघावा लागतो. चांगला टायरवाला तो बघतोच. जो न बघता डब्यातून नट उचलतो, त्याला थांबवा.

आणि एका चाकावर एक नट कमी ठेवून "नंतर टाकू" असं करू नका. चार नटांच्या चाकावर एक कमी म्हणजे पाव आधार गेला.

नट शेवटी हाताने, टॉर्क रेंचने आवळायचे. आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आपल्याकडच्या छोट्या-मध्यम गाड्यांत तो साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान येतो. गन लावून ताकदीने आवळलेला नट पुढच्या पंक्चरला तुमच्याच्याने निघणार नाही. आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर एकदा पुन्हा पाना लावून बघा, विशेषतः नवे नट टाकले असतील तर.

पुन्हा लॉक लावायचे का?

सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर गाडी उभी राहत असेल, किंवा साधी लोखंडी चाकं आणि त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या असतील, तर कशाला? साधे नट टाका आणि मोकळे व्हा. महाग अलॉय आहेत आणि गाडी रात्रभर रस्त्यावर असते, तर लावा. पण लावायचे तर नाव असलेल्या कंपनीचे, फिरत्या कड्याचे, कोड कार्डसकट. लॉकमुळे चोरी अशक्य होत नाही. जो एक्स्ट्रॅक्टर तुमच्या मेकॅनिककडे आहे तो चोराकडेही असू शकतो. लॉक फक्त वेळ खातो आणि आवाज करायला लावतो, आणि चोराला हे दोन्ही नको असतं.

नवी चावी हातात आली की तिचा आणि कोड कार्डाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. चावी जॅकजवळच ठेवा, घरच्या कपाटात नाही, कारण तिची गरज घरात पडत नाही. टायरवाल्याला देताना सांगा, "हिच्यावर गन लावू नका, हातानेच खोला." गनच्या झटक्यांनी चावीचे दात तुटतात. आणि दुकानातून निघण्याआधी चावी परत मागून घ्या.

अजून गाडी घेतलेली नसेल तर आणखी सोपं आहे. टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा चारही चाकांसमोर खाली वाका, टोप्या असतील तर काढायला सांगा, प्रत्येक चाकावर एखादा नट वेगळा दिसतोय का बघा. दिसला तर चावी मागा आणि ती चारही चाकांवर खरंच बसते का हे लावून बघा, कारण मधे कोणीतरी एका चाकाचा लॉक बदललेला असू शकतो. चावी नाही म्हणाले तर व्यवहार मोडायची गरज नाही. पण लॉक काढून साधे नट बसवून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका, किंवा तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. "नंतर शोधून कुरियर करतो" हे तोंडी आश्वासन असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर ती ओळ लिहून घ्या: लॉक नटची चावी देणे बाकी.